महाबाहूचे धड

कुंभिवलीत सकाळ आधी पश्चिमेला होते. सूर्य अजून घाटामागे असतो आणि त्याचा उजेड आमच्या डोक्यांवरून निघून दूर प्रबळगडाच्या माथ्यावर पडतो. तो माथा गुलाबी होतो, मग पिवळट, आणि आम्ही खाली, महामार्गाच्या कडेला, निळसर सावलीतच असतो. मग उजेड सावकाश उतरू लागतो. विजेची तार, तारेवरचा एखादा कोतवाल पक्षी, गोदामाचा पत्रा, बाभळीचा शेंडा. आमच्या दुकानाच्या शटरखालच्या फटीतून तो आत शिरतो तेव्हा त्याला कसलीच घाई नसते. फरशीवर आधी एक बारीक रेघ उमटते. ती रुंदावत जुन्या टायरांच्या ओळीपाशी पोहोचते आणि काळे रबर क्षणभर जांभळे दिसते. हवा भरायच्या नळीची पितळी तोटी उजळते. टायरांच्या पोटातला अंधार मात्र तसाच राहतो. मी मागच्या दाराने येऊन, शटर उघडण्याआधी, हे रोज पाहतो. उजेड येतो आणि दुपारी निघूनही जातो. त्याला कोणी थांब म्हणत नाही.

पंक्चरचे हे दुकान आप्पांचे, माझ्या वडिलांचे आहे. त्यांच्या कमरेने टायर उचलणे सोडले तेव्हा माझ्यात आणि थोरल्या भावात, निलेशदादात, एक करार झाला. आधी दादा हैदराबादला नोकरीला जाईल. तिथे बस्तान बसले, थोडे जग पाहून झाले, की तो परत येऊन दुकान सांभाळील. मग मी पुण्याला जाऊन खेळण्यांचे साचे घडवायला शिकेन. कराराची खूण म्हणून आम्ही महाबाहू वाटून घेतला. लहानपणी टीव्हीवरच्या मालिकेतल्या ज्या यंत्रमानवावर आम्ही जीव टाकला, त्याचे हे खेळणे दोन वाहनांचे बनते: पिवळी क्रेन उलगडली की धड आणि डोके, हिरवा डंपर उलगडला की दोन पाय. क्रेन दादाने नेली. डंपर माझ्याकडे राहिला.

“क्रेन टेबलावर हाय रं,” दादा फोनवर नेहमी सांगतो. “ती हाय तवर आपला शब्द हाय.”

मी लोकांशी फार बोलत नाही. फक्त रविवारी सकाळी खोपोलीला हरेशच्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात जातो. तिथे शाळेत चित्रकला शिकवणारी हर्षलाही येते. आम्ही तिघे असली रूप बदलणारी खेळणी जमवतो आणि मालिकेतल्या यंत्रमानवाशी ती कितपत जुळतात यावर वाद घालतो; म्हणजे ते दोघे घालतात, मी ऐकतो.

त्या रविवारी हरेशने काउंटरवर वर्तमानपत्राचे एक पुडके ठेवले. “कल्याणच्या माणसाकडून, हैदराबादहून आलेलं जुन्या खेळण्यांचं खोकं घेतलं. तळाशी काय निघालं बघा. महाबाहूचं धड!”

हर्षलाने क्रेन उचलून दाराच्या उजेडात धरली, तिचे हात उलगडले, आत दडलेले डोके वर काढले. “डोळे पिवळे आहेत.”

“तीच तर गंमत. कंपनीनं लाल दिलेले. माल डुप्लिकेट हाय.”

“डुप्लिकेट करणारा कंपनीची चूकसुद्धा जशीच्या तशी उतरवतो रे. मालिकेत डोळे पिवळेच होते. हे कोणीतरी नंतर रंगवलंय, मालिका जीव लावून पाहिलेल्या माणसानं.”

“जीव लावून, पण काडीनं! रंग गालावर उतरलाय बघ. रडतंय बिचारं.”

“रडू दे. छटा अचूक आहे.”

“अचूक काय? खेळणं कारखान्यातून निघालं तसं अस्सल. नायतर उद्या तू माझ्या लग्नाच्या फोटोत मला केस काढशील.”

“तुला केस होते असा एक तरी फोटो दाखव, मग काढते.”

हरेश हसला. मी हसलो नाही. गालावर उतरलेला तो ओघळ मला ओळखीचा होता.

“ही नकलीच आहे,” मी म्हणालो.

दोघांनी चमकून पाहिले. “अरे, मौनीबाबा बोलले!” हरेश म्हणाला.

आणि मी खरोखरच बोलत सुटलो. क्रेनचा दांडा मूळ मापापेक्षा जाड आहे. छातीची बिजागरी खाली सरकली आहे. पिवळा रंग फिकट आहे. इतकी वाक्ये मी त्या दुकानात कधी सलग उच्चारली नव्हती. हर्षलाने फोनवर जुन्या जाहिरातीचे चित्र काढले. दांडा तेवढाच होता. बिजागरी तिथेच होती.

“आणि रंग एकाच अंगानं उडालाय,” ती म्हणाली. “म्हणजे ऊन लागलंय. बरेच दिवस कुठल्यातरी खिडकीपाशी उभी असणार.”

“मग जोडून बघू की,” हरेश म्हणाला. “आपला नियमच हाय, जोडल्याबिगर निकाल नाय. स्वराज, काढ तुझा डंपर.”

डंपर दर रविवारी माझ्या पिशवीत असतो. मी पिशवी मांडीवर ओढली. “नको. ह्या खेळण्यात धडाची उजवी खुंटी जाड असते. जोर लावला की डंपरची खाच फुटते. कित्येकांची फुटली आहे.”

ते खरेच होते. साचाच तसा चुकला होता. हरेशने क्रेन उलटी केली, खुंटी भिंगाखाली धरली.

“ही तर घासलीय कुणीतरी. पण कशानं घासली रं? तिरके, खोल ओरखडे हायेत. खेळण्याला इतकी भरड कानस कोण लावतं?”

पंक्चर काढताना ठिगळ चिकटावे म्हणून ट्यूबचे रबर आधी खरवडतात. त्यासाठीची भरड कानस आमच्या दुकानात खिळ्याला टांगलेली असते. दुसरी कानस आमच्याकडे नव्हती. मी क्रेन दोन्ही हातांनी धरली होती आणि दादाने घासली होती.

“अशी कानस कोणाकडेही असू शकते,” मी म्हणालो.

हर्षलाने माझ्याकडे पाहिले आणि नजर खाली वळवली. हरेशने माझ्या पिशवीतून डंपर काढला, तो उलगडून दोन पायांवर उभा केला आणि धड वर ठेवून अलगद दाबले. खुंटी अडली नाही. एक हलकासा आवाज आला आणि महाबाहू काउंटरवर ताठ उभा राहिला.

“लोण्यासारखी बसली,” हरेश हळू आवाजात म्हणाला. “एकाच घरातली जोडी दिसतीय.”

“हरेश, पुरे,” हर्षला म्हणाली.

तरीही मला वाटले, क्रेन चोरीला गेली असेल. दादाने खोली बदलली असेल, सामानात हरवली असेल, मला सांगायचे राहिले असेल. मी दुकानाच्या पायरीवर जाऊन त्याला फोन लावला. समोरून कारखान्याची बस गेली. दादाने लगेच उचलला.

“बोल रं! आप्पा बरं हायेत ना?”

“बरे आहेत. दादा, क्रेन कुठे आहे?”

“कुठं असंल? हितंच, टेबलावर,” तो म्हणाला. त्याचा आवाज नेहमीसारखाच मायेचा, जराही न अडखळणारा होता. “आत्ताच पुसून ठेवली बघ. का रं?”

मागे काचेतून महाबाहूची पाठ दिसत होती.

“सहज विचारलं.”

“येतोय रं मी. दिवाळी झाली की येतोच. तवर दुकान बघ.”

“हो,” मी म्हणालो.

फोन बंद झाल्यावरही मी तो कानाला धरून उभा राहिलो, कारण खाली घेतला तर आत जाऊन काहीतरी सांगावे लागले असते, आणि सांगण्यासारखी एकच गोष्ट होती. निलेशदादा परत येणार नव्हता.