शुक्रवारच्या दिव्याला चार बोटे तेल

मित्रांनो, पनवेलमधल्या एका इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर, जेवणाच्या टेबलाच्या बरोबर वर तीन पितळी साखळ्यांनी टांगलेला मी एक जुना काचेचा दिवा आहे. दिवा म्हटले की तुम्हाला समई आठवेल, पणती आठवेल. मी तसा नाही. मी म्हणजे एक मोठा पेला. माझ्यात आधी पाणी ओततात, पाण्यावर खोबरेल, आणि तेलावर बुचाच्या चकतीत खोवलेली वात तरंगते. तेल संपले की वात पाण्याला टेकते आणि मी आपला आपण विझतो. मला फुंकर मारून कोणी विझवत नाही. तशी रीत नाही.

माझी काच कोठे ओतली ते मला आठवत नाही. साखळ्या मात्र इथल्याच एका तांबटाने ठोकल्या. या घरच्या अब्राहमआजोबांच्या आजीने मला घरी आणले. हे घर बेने इस्रायलांचे, म्हणजे कोकणात पिढ्यान्‌पिढ्या राहून मराठी बोलणाऱ्या ज्यूंचे. पूर्वी त्यांचा तेलाचा घाणा होता. शनिवारी घाणा बंद असे, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणत. शनिवारचा हा विसावा शुक्रवारी सूर्य मावळताना सुरू होतो. त्याला शब्बाथ म्हणतात. घरातली बाई मला लावते, डोळ्यांवर हात ठेवून प्रार्थना पुटपुटते, आणि मग घर शांत होते. आधी आजोबांच्या आजीने लावले, मग त्यांच्या आईने, आता आजोबांची बायको सोफीआजी लावते.

बाकीचे सहा दिवस माझ्याकडे कोणी पाहत नाही. पंख्याची धूळ बसते. जुन्या घरातून या फ्लॅटमध्ये येताना माझी एक साखळी तुटली, तर कित्येक वर्षे मी सुतळीवर लोंबकळत होतो. त्याचे मला काही वाटले नाही. शुक्रवार चुकला नाही, एवढे पुरे होते. या घरची माणसे पुण्याला गेली काय, अलिबागला गेली काय, रविवारी निघत आणि गुरुवारी परत येत. शुक्रवारी या घराला कुलूप लागलेले मी पाहिले नव्हते.

आणि मग आजोबांची नात निरीत हिने ॲमस्टरडॅमचा बेत काढला.

निरीत बेलापूरला नोकरी करते. तिचे आईबाप परदेशात, ती आजीआजोबांपाशी राहते. "आजोबा, गुडघे चालताहेत तोवर एक तरी शहर बघून घ्या," ती म्हणाली. आजोबांनी ॲमस्टरडॅम निवडले, कारण तिथे म्हणे गल्लीबोळांतून होड्या हिंडतात. त्यांनी लहानपणी पनवेलच्या खाडीत गलबते पाहिली होती. सोफीआजीने दुसऱ्याच दिवशी चालायचे बूट आणले आणि सवय व्हावी म्हणून ते घालून ती घरात भाकऱ्या थापू लागली.

बेत माझ्याखालीच बसून ठरत गेला. कोणत्या दिवशी कोणते चित्रसंग्रहालय, होडी कोठून धरायची, आजोबांना वाटेत बसायला बाक कोठे मिळेल. हॉटेलवाले खोलीत शब्बाथची मेणबत्ती लावू देत नाहीत, म्हणून निरीतने एका बाईच्या घरातली खोली ठरवली. सगळे जमले. रजा मात्र गुरुवार ते सोमवार एवढीच मिळाली.

"म्हणजे शुक्रवार मधे येतो," सोफीआजी म्हणाली.

"मेणबत्ती लावशील ना तिथे. खोली त्यासाठीच घेतलीय."

"माझी लागेल. याचं काय?" तिने वर माझ्याकडे बोट केले.

त्या संध्याकाळी बूट खोक्यात परत गेले. "तुम्ही दोघं जा," आजी म्हणाली. "मी दिव्यापाशी थांबते."

आजोबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "आधी मुलं लहान म्हणून लांब कुठे गेलो नाही. मग माझी नोकरी. आता दिवा. त्याच्याशीच लग्न लावायचं होतंस."

"तो निदान घोरत नाही."

समोरच्या दारातून शेजारची गोदू हे सारे ऐकत होती. गोदू मूळची जासईची, आगरी. शेतात गोदामे झाली तेव्हा ती पनवेलला आली. या घराची दुसरी चावी तिच्याकडे असते, आणि तिच्या घरच्या भांडणांची माहिती या घराकडे.

"मी लावीन नं दिवा," ती आत येत म्हणाली. "माज्या हाताला काय काटं हायेत?"

"तुझ्या हाताचं नाही गं गोदू. प्रार्थना माझी लागते."

"मंग फोनवर मना. तुमी तिकरं मेनबत्ती लावा, मी इकरं दिवा लावतंय. देव काय दोन ठिकानी आयकत नाय?"

आजीला हे पटले. बूट पुन्हा बाहेर आले. निरीतने शुक्रवारची संध्याकाळ मोकळी ठेवली. सातच्या आत खोलीवर, सवासातला दोन्हीकडे एकदम दिवे. पनवेलमध्ये जूनमध्ये तेव्हाच दिवेलागण होते. जन्मभर शुक्रवार सहा-सातलाच आला होता, तेव्हा तो दुसऱ्या वेळी येऊ शकतो हे घरातल्या कोणाच्या मनातही आले नाही.

निघायला थोडे दिवस राहिले असताना निरीत तिथले हवामान पाहत होती. तिने फोन आजीसमोर धरला.

"आजी, तिथे उन्हाळ्यात सूर्य रात्री दहाला मावळतो. आणि त्यांचं घड्याळ आपल्या मागे. तुझ्या मेणबत्तीच्या वेळी इथे मध्यरात्र उलटलेली असेल."

सोफीआजीने वर माझ्याकडे पाहिले. मी एरवी जेवणे आटोपून माणसे झोपेपर्यंत जळतो. सासूने दोन बोटे तेलाचे माप घालून दिले होते, तेवढेच तेल मला मिळे.

"म्हणजे हा विझणार, आणि माझी अजून लागलेली नसणार," ती म्हणाली. "मधे अंधार. ते नको. एकाने दुसऱ्याची वाट बघावी, तरच अर्थ आहे."

  निघण्याआधीचा शुक्रवार आला, तेव्हा आजोबा खुर्चीवर चढले. त्यांनी माझ्यातले अर्धे पाणी काढले आणि त्या जागी खोबरेल ओतले. चार बोटे. वातही त्यांनी स्वतः वळली, नेहमीपेक्षा बारीक.

"आईंचं माप मोडताय," आजी खालून म्हणाली.

"आईने माप दिलं ते इथल्या सूर्याचं. तू लाव."

तिने मला लावले. इतके तेल माझ्यात कधीच पडले नव्हते. ज्योत लहान राहिली, पण राहिली. शनिवारी उजाडल्यावर सोफीआजी बाहेर आली. मी जळत होतो. ती खुर्चीवर बसून माझ्याकडे पाहत राहिली. निरीत दात घासत आली तेव्हा आजीने एवढेच विचारले, "तिकडे स्वेटर लागेल का गं?"

ते गेले. शुक्रवारी संध्याकाळी गोदू अंघोळ करून आली. तिने डोक्यावर पदर घेतला, चार बोटे मोजून तेल ओतले आणि फोन माझ्यासमोर धरला. फोनमध्ये भर ऊन होते, तिथे अजून दुपारच होती. सोफीआजी होडीत बसली होती. शेजारी आजोबा, टोपी हाताने धरून. आजीने उन्हातच डोळ्यांवर हात ठेवले. तिची प्रार्थना झाल्यावर गोदूने काडी ओढली.

"लागला, सोफीबाय."

"दिसला. तू जा आता, जेवून घे."

फोन बंद झाला. गोदूने दार ओढून घेतले. त्या घरात जळताना मी पहिल्यांदाच एकटा होतो. ज्योत हलवायला कोणाचा श्वास नव्हता, म्हणून ती सरळ उभी राहिली.

मंगळवारी पहाटे मंडळी परतली. सोफीआजीने बूटही काढले नाहीत, आधी गोदूला विचारले.

"मी सकाली आले तवा जलत व्हता," गोदू म्हणाली. "तुमची कवा लागली?"

"दहाच्या आधी. बाहेर तेव्हाही उजेड होता. त्या घरच्या बाईने एक बशी दिली मेणबत्तीखाली ठेवायला." मग आजी बूट काढू लागली. "लावताना मनाला घाई नव्हती."

तिने मला खाली उतरवून, तळचे पाणी ओतून, राखेने घासले. आता दर शुक्रवारी मला पुन्हा दोनच बोटे तेल मिळते. ते बरोबर आहे. माणसे घरात असली की तेवढे पुरते.

मित्रांनो, तुमच्याही घरात माझ्यासारखे काही असेल. एखादी कुंडी असेल, पक्ष्यांचे पाण्याचे भांडे असेल. त्याच्यासाठी घरात अडकून बसू नका. तुम्हाला जिथे जायचे असेल तिथे जा, होडीत बसा. फक्त निघताना तेल थोडे जास्त घाला, आणि एक चावी शेजारी देऊन ठेवा.