एनिमाच्या पिशवीला लाज नाही

मी एनिमाची पिशवी बोलतेय. मुरडलंत नाक? मुरडा. आजवर मला बघून ज्यानं नाक मुरडलं नाही असा माणूस मी एकच पाहिला, आणि तीही बाई होती.

माझा जन्म ओहायोतल्या एका रबराच्या कारखान्यात झाला. साच्यातून निघाले ती लालभडक, जाडजूड. सोबत लांब नळी, पाणी थांबवायला नळीवर चिमटा आणि टोकाला काळी गुळगुळीत तोटी. मला ज्या खोक्यात भरलं त्याच्यावर फुलांचा गुच्छ घेतलेल्या एका हसऱ्या बाईचं चित्र होतं. फुलांचा आणि माझा काय संबंध? पण माणसांचं हे असंच. कामाची वस्तू विकायची तर आधी ती कशाला लागते हे झाकायचं.

मिशिगनच्या उत्तरेला, लोखंडाच्या खाणींच्या मुलखात, आयली कोस्केला नावाच्या बाईनं मला विकत घेतलं. तिची आई अंथरुणाला खिळली होती. औषधवाल्यानं मला तपकिरी कागदात गुंडाळलं, वर आणखी एक पिशवी घातली आणि हळूच विचारलं, "मागच्या दारानं जाणार का?"

"का? बाँब विकलास की काय मला?" आयली म्हणाली आणि पुढच्या दारानं बाहेर पडली.

आयली शाळेच्या स्वयंपाकघरात काम करायची. बोलणं फटकळ, हात मऊ. आईचं तिनं सगळं केलं. म्हातारी गेल्यावर मला धुऊन, निथळवून, बाथरूमच्या दारामागं खुंटीला उलटं टांगलं. तिच्या नवऱ्याला, टोइवोला, हे बिलकूल खपायचं नाही. पाहुणे यायचे म्हटलं की तो मला टॉवेलांच्या खाली कपाटात कोंबायचा. कोंडलेल्या ओल्या रबराला बुरशी धरते. पाहुणे गेले की आयली मला बाहेर काढून पुन्हा धुवायची आणि नवऱ्याला चार शब्द सुनवायची.

टोइवो जन्मभर खाणीत राबलेला. छाती पिंपासारखी, आवाज भोंग्यासारखा. अस्वलाशी झालेल्या गाठीची गोष्ट तो कुणालाही सांगायचा. या घरात जेवणावर तासन्‌तास बोलणं चाले. खारवलेला मासा कसा, वेलदोड्याचा पाव किती फुगला, कॉफी कडक झाली का. आत जाणाऱ्या घासाचं एवढं कौतुक, आणि तोच घास बाहेर पडायचा अडला की सगळ्यांची दातखीळ बसते. ढोंगी जात!

एका हिवाळ्यात टोइवो दारातल्या बर्फावर घसरला आणि त्याचा उजवा खुबा मोडला. ऑपरेशन होऊन नवा खुबा बसला, टेकत चालायला चार पायांचा चौकटा मिळाला आणि दुखण्यावरच्या गोळ्या मिळाल्या. त्या गोळ्यांनी दुखणं थांबलं आणि बाकीचंही सगळं थांबलं. डॉक्टरनं पोट साफ व्हायचं औषध दिलं होतं. हा शूर वीर ते कुंडीत ओतायचा. का, तर नर्सनं ते देताना त्याच्या धाकट्या बहिणीदेखत "शौचाला होतंय ना?" असं विचारलं होतं.

पोट फुगलं, जेवण जाईना, चेहरा राखेसारखा झाला. आयलीनं विचारलं की हा म्हणायचा, "मला काय धाड भरलीय?"

मग एक दिवस आयली दुकानात गेलेली पाहून त्यानं मला खुंटीवरून ओढलं, चौकटा टेकत टेकत परसातल्या सौना-घरात, म्हणजे वाफेनं न्हायच्या लाकडी खोलीत, नेलं आणि पार आढ्याच्या हुकाला टांगलं. उंचावरून जोर येतो, हे त्याचं शास्त्र. माझ्या पोटात वाफाळतं पाणी आणि भांडी घासायचा साबण. मी मनात म्हटलं, गाढवा, मी पिशवी आहे, आग विझवायचा बंब नाही. एवढ्या उंचीवरून पाणी सुटलं तर आतड्याला कळा येतात. गरम पाण्यानं आतली कातडी भाजते आणि साबणानं आग होते. पण पुढं काही घडलंच नाही. नव्या खुब्याला मागं वळता येईना. तोटी एका बाजूला, टोइवो दुसऱ्या बाजूला आणि फळकुटावर पाण्याचा पूर. आयली परतली तेव्हा तो अर्धा उघडा, बाकाला धरून उभा होता. बसता येईना, चालता येईना.

"दार लाव!" तो ओरडला.

"कुणापासून लपतोयस? खारींपासून?" आयली म्हणाली. मग तिनं त्याचा चेहरा पाहिला आणि तिचा आवाज उतरला. "कधीपासून झालं नाही रे तुला?"

एवढा मोठा माणूस भिंतीकडे तोंड करून रडायला लागला.

मला दया आली असं तुम्हाला वाटेल. मुळीच नाही. औषध कुंडीत ओतताना रडायचं होतं!

आयलीनं त्याला घरात आणलं आणि दवाखान्यातल्या नर्सला फोन लावला. नर्सनं पलीकडून विचारलं ते आयली मोठ्यानं त्याला विचारत गेली. "उलटी? ताप? रक्त पडलं? पोटात खूप दुखतंय? वारा सरतोय का?"

"आयली!"

"सरतोय का नाही ते बोल, नर्स खोळंबलीय."

"सरतोय," टोइवो उशीत तोंड खुपसून म्हणाला.

नर्स म्हणाली, मग हरकत नाही, हळू हळू देऊन बघा, आणि सांगितलं तसंच करा. तेवढ्यात टोइवोची बहीण लेम्पी येऊन टपकली. लेम्पी म्हणजे ऐकीव ज्ञानाची पखाल. कुठल्याशा शिबिरातून शरीरातलं विष काढायची विद्या शिकून आलेली, आणि हातात कॉफीचा थर्मास.

"वहिनी, साधं पाणी काय घालतेस? कॉफी घाल. दादाचं यकृत धुऊन निघेल."

"लेम्पी, या घरात कॉफी तोंडानं पितात," आयली म्हणाली. "कप घे, स्वयंपाकघरात बस आणि पी."

नर्सनंही फोनवरून कॉफीला साफ नाही म्हटलं. कॉफीनं आतडं भाजलेली माणसं तिनं पाहिली होती. लेम्पी फुरंगटून गेली आणि पावाची अख्खी लादी संपवून बसली.

आता माझं काम कसं करतात ते ऐका, कारण तोंड वर करून विचारायची तुमची काही हिंमत होणार नाही. आयलीनं आधी हात धुतले, मग मला आणि तोटीला. पाणी अंगाइतकं कोमट केलं, मनगटाच्या आतल्या बाजूवर थेंब टाकून पाहिला, आणि नर्सनं सांगितलं तेवढंच मीठ घातलं. पलंगावर रबरी कापड आणि टॉवेल, शेजारीच शौचाची खुर्ची. टोइवोला डाव्या कुशीवर निजवलं, दोन्ही गुडघ्यांच्या मधे उशी दिली आणि ऑपरेशनचा पाय फार वाकू दिला नाही. अंगावर चादर घातली. लागेल तेवढंच उघडं ठेवलं, कारण उघडं पडलं की माणूस आखडतो. नळीतून थोडं पाणी सोडून हवा काढून टाकली. तोटीला दुकानातली पाण्यात धुतली जाणारी जेली लावली. व्हॅसलीन नव्हे. व्हॅसलीन माझं रबर खातं.

मला तिनं पलंगाच्या कडेला खुर्चीच्या पाठीवर टांगलं, त्याच्या कमरेहून हातभर वर, बस. "तोंडानं श्वास सोड," ती म्हणाली आणि तो सोडत असताना तोटी अलगद, बेंबीच्या रोखानं आत सरकवली. अडली असती तर तिनं रेटली नसती. पाणी सुटलं. थोड्या वेळानं तो कण्हला, "कळ आली." आयलीनं चिमटा दाबला, पाणी थांबवलं, त्याच्या पोटावर हात ठेवून बसली. कळ गेली, मग पुन्हा थोडं. सोसेल तेवढंच गेलं आणि उरलेलं माझ्यातच राहिलं. पिशवी रिकामी करायची पैज लावायची नसते.

"जरा वेळ धरून ठेव. घाई नको."

"बोल काहीतरी," टोइवो म्हणाला. "नुसती बघत बसू नकोस."

"अस्वलाचं सांग."

"गप गं."

पण हसला. मग त्याला आधार देऊन खुर्चीवर बसवलं आणि ती दाराबाहेर, हाकेच्या टप्प्यात उभी राहिली. दाराला कडी लावू दिली नाही, कारण म्हाताऱ्या माणसाला अशा वेळी घेरी येते. बाकी तपशील मी सांगत नाही. दुपारी टोइवोनं सूप मागून घेतलं, एवढं पुरे.

आणि मग काय! माणूस सुधारतो तेही चुकीच्या दिशेनं. जो मला टॉवेलाखाली कोंबायचा त्याला आता प्रत्येक ढेकरेला मी हवी. आयली औषधाचा चमचा पुढं करायची, भाज्या खाऊ घालायची, पाणी पाजायची आणि म्हणायची, "ती रोजची गोष्ट नाहीये."

बर्फ वितळायला लागलं तेव्हा एका सकाळी टोइवो बाथरूमच्या दारात पोट धरून ओणवा झाला. हिरवी उलटी झाली. पोट एका बाजूनं ढोलासारखं टणक. आयली दुकानात निघायला कोट घालून उभी, आणि लेम्पी घरात होतीच.

"आयली, ती लाल आण," तो दात आवळून म्हणाला.

"वारा सरतोय?"

"काल दुपारपासून नाही. तू आधी ती आण!"

आयली जागची हलली नाही. "नाही."

"मागच्या खेपेला तूच दिलास ना? आता जीव चाललाय तर नाही म्हणतेस?"

"वहिनी, देत नसशील तर मी देते," लेम्पी म्हणाली आणि माझ्याकडे वळली. तिचा हात माझ्या गळ्याला लागला. आयलीनं मला तिच्या हातून हिसकावलं, कोटाच्या आत छातीशी धरलं आणि दुसऱ्या हातानं फोन उचलला. तिचं काळीज माझ्या रबरावर धाडधाड आपटत होतं. टोइवो तिला शिव्या देत होता. चाळीसएक वर्षांच्या संसारात दिल्या नसतील अशा. ती फोनवर शांतपणे पत्ता सांगत होती.

अँब्युलन्समध्ये मीही गेले, कोटातच. कुणाच्या लक्षात आलं नाही. आतडं पिळवटलं होतं. डॉक्टरनं पोट उघडून ते सरळ केलं आणि बिघडलेला तुकडा काढला. बाहेर येऊन तो आयलीला म्हणाला, "घरी एनिमा दिला असता तर ते कदाचित फुटलं असतं. वेळेवर आणलंत."

आयली खुर्चीवर बसली. कोट माझ्यासकट घट्ट आवळला.

लेम्पी शेजारून म्हणाली, "मी म्हणतच होते, दवाखान्यात न्या म्हणून." या बाईला माझ्यासारखं खुंटीला उलटं टांगलं पाहिजे.

आता माझं सांगते. माझ्या मानेशी चीर गेलीय, तोटी खडबडीत झालीय. परवा आयलीनं नवी पिशवी आणली आणि मला टोइवोच्या हाती देऊन कचऱ्यात टाकायला सांगितलं. त्यानं मला काळ्या पिशवीत घातलं, वर बटाट्याची सालं ओतली, गाठ मारली आणि रस्त्याकडेच्या डब्याशी नेलं. शेजारचा व्हर्नर उभा होता. गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, तोंड वाकडं.

"काय रे, दुखतंय?"

"गुडघा नाही," व्हर्नर इकडंतिकडं बघत पुटपुटला. "त्या गोळ्या घेतल्यापासून... जाऊ दे."

टोइवोच्या कानाच्या पाळ्या लाल. मग त्यानं गाठ सोडली, सालं उपसली आणि मला भर रस्त्यात नळीसकट उंच धरलं.

"हिचं नाव एनिमा. ही फुटलीय, ही नको. दवाखान्यात फोन कर, नर्स विचारेल ते खरं सांग. वारा सरतोय का तेसुद्धा."

"शी! खाली कर ते, समोरची मंडळी बघतायत!"

"बघू दे," टोइवो म्हणाला. आवाज तोच, भोंग्यासारखा.

समोरच्या खिडकीतला पडदा हलला. व्हर्नर लंगडत घरात शिरला. पण दार लावायच्या आत त्यानं विचारलं, "नर्सचा नंबर काय रे?"

मी डब्यात पडलेय, सालांवर. तुमची जात मला अजूनही आवडत नाही. उलटी, ताप, रक्त, ढोलासारखं पोट असेल तर मला हात लावू नका, डॉक्टर गाठा. एरवी अडलं तर वेळेवर बोला. कचऱ्याची गाडी आली बघा. जाते, आणि तेवढं नाकावरचं बोट काढा, दम कोंडेल.