न दिसणारी सात नंबरची घंटा

मित्रांनो, मी एक जुना घंटा-संकेत आहे. डोळे फाडून शोधलेत तरी मी तुम्हांला दिसणार नाही! संगणकाच्या मजकुरात प्रत्येक अक्षराला एक क्रमांक असतो. माझा क्रमांक सात. बाकीची अक्षरे छापली जातात. मी छापला जात नाही, मी वाजतो.

माझा जन्म तारयंत्रांच्या काळातला. निरोप आला की पलीकडच्या माणसाला हाक मारायची, हे माझे काम. पुढे संगणक आले आणि ओळ बदलणाऱ्या, जागा सोडणाऱ्या माझ्या मुक्या भावांसह मीही त्यांत राहायला गेलो.

माझे खरे वैभव थळजवळच्या एका कोळीवाड्यात. तिथल्या मच्छीमार सोसायटीच्या संगणकावर वादळाचा इशारा आला की त्याच्या आरंभी मी असे. लगेच धक्क्यावरच्या कर्ण्यातून टिंग! टिंग! काय रुबाब होता माझा! सुकट निवडणाऱ्या मनुबाईला वाचता येत नव्हते, पण माझी भाषा तिला पाठ. "घंटी न्हाय, मंजे वारा न्हाय," ती म्हणे. साऱ्या होड्या त्याच भरवशावर सुटत.

मग सुजित हा नवा कारकून आला. भारीच नीटनेटका! आमच्यासारख्या चिन्हांच्या जागी मजकुरात मध्येच रिकामे चौकोन उमटतात म्हणून त्याने न दिसणारी सगळी चिन्हे गाळणारा प्रोग्रॅम बसवला. "कचरा काढला," तो ऐटीत म्हणाला. त्या कचऱ्यात मीही गेलो. मला फार वाईट वाटले.

चारच दिवसांनी ऐन भरतीला इशारा आला: वादळी वारा, समुद्रात जाऊ नका. मला दारातच अडवले गेले. सुजित बाहेर बर्फाच्या गाडीपाशी होता. धक्का शांत. मनुबाईच्या लेकाने, कोंडाजीने, होडीचा दोर सोडला. मी नुसता तडफडत होतो!

सुजित परतला, इशारा वाचला आणि धक्क्याकडे धावला. "कोंडाजीदादा, थांबा! वादळ येतंय!" पण इंजिनाच्या आवाजात कोण ऐकणार?

"अरं, मंग घंटी का वाजली न्हाय?" मनुबाई किंचाळली.

सुजितला आपण काढलेला 'कचरा' आठवला. तो उलट्या पावली पळाला, त्याने प्रोग्रॅम बंद केला आणि तोच इशारा पुन्हा चालवला.

आणि मी सुटलो! टिंग! टिंग! टिंग! कर्ण्यातला माझा आवाज इंजिनालाही पुरून उरला. खाडीच्या तोंडाशी पोचलेली होडी गर्रकन वळली.

मनुबाईने लेकाच्या पाठीत धपाटा घातला आणि मग त्याला पोटाशी धरून ती रडली. सुजित मान खाली घालून उभा होता.

"तुझी चूक हाय, पन आमची बी हाय," ती म्हणाली. "घंटी गप, तर आमी बिनघोर."

मित्रांनो, दिसत नाही म्हणून कुणाला कचऱ्यात टाकण्याआधी त्याचे काम काय, ते विचारा. आणि मी गप्प असलो, तर निर्धास्त होऊ नका. आधी मी जागेवर आहे ना, ते बघा.