कॉरीनसाठी जागा

आर्लनने न्हाणीघरातला गरम पाण्याचा नळ सोडला आणि धारेखाली हात धरून उभा राहिला. पाणी आधी कोमट आलं, मग चांगलं कढत. त्याने नळ बंद केला, खिडकीच्या चौकटीवरून तळवा फिरवला. मिलवॉकीत जानेवारीचा वारा कुठल्या ना कुठल्या फटीतून आत येतोच. इथे तोही येत नव्हता.

"कशी आहे?" कॉरीनने बाहेरून विचारलं.

"बघतोय अजून."

घटस्फोट होऊन वर्ष उलटलं होतं, तरी दोघं एकाच घरात राहत होती. भांडण मिटलं म्हणून नव्हे. त्या दोन खोल्यांचं भाडं चौदाशे डॉलरवर गेलं होतं, आणि एकट्याच्या पगारात बसेल अशी जागा दोघांपैकी कुणालाच सापडत नव्हती. आर्लन बाहेर सोफ्यावर झोपायचा, कॉरीन आत. सुरुवातीला दोघं एकमेकांना चुकवून स्वयंपाकघरात जायची. मग केव्हातरी तिच्या हातून सूप जास्त झालं, केव्हातरी त्याने तिच्या गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडून ठेवला, आणि चुकवणं बंद झालं. त्याबद्दल कुणी काही बोललं मात्र नाही.

ही जागा कॉरीनला दवाखान्यातल्या मैत्रिणीने सांगितली. म्हाताऱ्या ग्रॅबोव्स्कीबाईंच्या घराचा वरचा मजला. भाडं साडेसातशे, हीटर त्यातच. ती इथे आली की आर्लनला सध्याचं घर एकट्याने परवडणार नव्हतं. त्याच्या भावाचं तळघर रिकामं होतं. तिथे राहायचं आर्लनने विचारून ठेवलं होतं.

"तूही चल," कॉरीन म्हणाली होती. "मला नळबिळ कळत नाहीत."

नळ तिला चांगले कळत.

तो न्हाणीघरातून बाहेर आला. "चांगली आहे. घे."

खाली स्वयंपाकघरात ग्रॅबोव्स्कीबाई खसखशीचा केक कापत होत्या.

"आधीच्या घरमालकाचा फोन द्या," त्या म्हणाल्या. "चौकशी केल्याशिवाय मी कुणाला ठेवत नाही."

"घरमालक म्हणजे कंपनी आहे हो," कॉरीन म्हणाली. "फोन केला की नुसतं संगीत वाजत राहतं."

"मग कसं करायचं?" बाईंनी सुरीच आर्लनकडे वळवली. "हे कोण? भाऊ?"

"एका घरात राहतो आम्ही," आर्लन म्हणाला. "भाडं अर्धं अर्धं."

"मग तुम्हीच सांगा. आणि खरं सांगा. मागची बाई भल्या पहाटे गाणी लावायची. डोकं उठवलं माझं."

एखादं वाक्य जरा इकडचं तिकडे केलं असतं तरी बाईंनी नकार दिला असता, आणि कॉरीन कुठेच गेली नसती. आर्लनने टेबलावरचे खसखशीचे दाणे बोटाने गोळा केले.

"भाडं कधी थकवत नाही," तो म्हणाला. "गाणी नाहीत. रागावली की भांडी घासायला घेते, तेवढाच काय तो आवाज."

"आर्लन!"

"खरं सांगा म्हणाल्या त्या." तो थांबला. बाई अजून ऐकत होत्या. "कुणी आजारी पडलं तर कसं वाटतंय विचारत बसत नाही. चहा आणून ठेवते नि जाते. कुणाला यायला उशीर झाला तर जिन्यातला दिवा चालू ठेवते. आणि आपण दिवा ठेवला होता, असं सकाळी कधी म्हणत नाही."

"विजेचं बिल येतं त्याने," बाई म्हणाल्या. मग त्यांनी सुरी खाली ठेवली. "इतकी चांगली आहे, तर जाऊ कशाला देताय?"

आर्लनने केकचा तुकडा उचलला आणि न खाताच बशीत ठेवला. कॉरीन खिडकीबाहेर बघत होती. बाहेर तसं बघण्यासारखं काही नव्हतं. शेजाऱ्याची भिंत तेवढी होती.

उत्तराची वाट न बघता बाई उठल्या आणि खिळ्यावरची किल्ली काढून त्यांनी कॉरीनपुढे ठेवली. तिने लगेच उचलली नाही.

"एक विचारू?" ती म्हणाली. "जेवायला कुणी आलेलं चालतं का?"

"रोज?"

"रविवारी."

बाईंनी आर्लनला पायांपासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

"जिन्यावर गालिचा आहे माझा. बूट खाली काढावे लागतील."

"काढतो तो," कॉरीनने किल्ली उचलली. "सांगावं लागत नाही."