अकरा दिवसांची साक्ष

रविवारच्या उपासनेत साक्षीची वेळ आली. पाळकसाहेबांनी विचारलं, "कोणाला काही सांगायचंय?" मी मम्मीचा पदर धरायला हात पुढे केला, तोवर ती उभी राहिलीसुद्धा.

"माझ्या यजमानांनी अकरा दिवस दारूला हात लावला नाही," ती म्हणाली. "आज संध्याकाळी श्रीगोंद्याला, दारू सोडणाऱ्यांच्या मीटिंगला चाललेत. मंडळीनं प्रार्थना करावी."

सगळं चर्च टाळ्या वाजवत उठलं. पप्पा पुरुषांच्या बाजूला, तिसऱ्या बाकावर, मान खाली घालून बसलेले. मला वाटलं, लाजले. प्रभुदास मास्तर ते, अर्धं चर्च त्यांच्या हाताखालून शिकून गेलेलं, लाजणारच! आणि मला मम्मीचा असा राग आला की बस. मीटिंग आमच्या नगरातही होत्या. श्रीगोंदा निवडलं ते पप्पांच्या एकाच अटीमुळे: "जास्मिन, जिथं आपलं एकही माणूस नाही, तिथं नेशील तर येतो." मी कबूल केलं होतं, कारण डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन स्पष्टच सांगितलं होतं, हे एकट्यानं सुटणार नाही, आणि पुन्हा सुरू झाली तर लिव्हर वर्षभरही काढणार नाही.

आता आमच्या मंडळीला दिवस, वेळ, गाव, सगळं पाठ होतं.

एसटीत पप्पांचा मोबाईल सारखा वाजत होता. चर्चच्या ग्रुपवर पूर आला होता. 'सर, आम्ही प्रार्थनेत गुडघ्यांवर आहोत.' 'अकरा दिवस! प्रभूची स्तुती असो!' आणि हात जोडलेल्या चित्रांच्या रांगा. पप्पांनी दोन-तीन वाचले आणि फोन बंद करून खिशात टाकला. मग खिडकीकडे तोंड करून बडीशेप चघळत राहिले.

मीटिंगच्या नंबरवर फोन केला तेव्हा तिथल्या माणसानं सांगितलं होतं, स्टँडच्या मागं, शाळेची खोली, पाच वाजता. स्टँडच्या मागं शाळा निघाल्या दोन. पाटी कुठंच नाही. पाटी लावली तर जाणार कोण? त्यात पप्पांची ताकीद, दारूचं नाव काढायचं नाही. मग मी आपली भाबडेपणानं विचारत फिरले, "इथं मीटिंग कुठं असते हो?" एक म्हणाला, "कसली, कारखान्याची?" दुसऱ्यानं आम्हाला थेट बचत गटात नेऊन बसवलं. तिथं पापडाच्या मशीनवर वाद चालला होता आणि पप्पांना अध्यक्ष समजून कोणीतरी खुर्ची दिली. एरवी मी हसून लोळले असते.

बाहेर पडलो तेव्हा सव्वापाच झाले होते.

"नाहीये इथं काही," पप्पा म्हणाले. "चल, परतीची गाडी मिळेल."

त्यांच्या आवाजात सुटका झाल्याचा आनंद होता. तोच मला झोंबला. मी भर रस्त्यात ओरडले, "दारू सोडायची मीटिंग कुठं असते इथं?"

चहाच्या गाड्यावरची बाई पातेलं खाली ठेवून म्हणाली, "मंग पयलंच असं इचारायचं न्हाई का? ती निळ्या दाराची खोली. माजा मालक बी तितंच हाय. चार वर्सं झाली सोडून."

पप्पांचा चेहरा पडला. पण रस्त्यावरच्या कोणी वळूनही पाहिलं नव्हतं.

"इथं आपलं कोणी नाही ना?" त्यांनी पुन्हा विचारलं.

"नाही, पप्पा."

ते आत गेले. मी मागोमाग निघाले, तर दारातल्या माणसानं हात जोडले, "ताई, आत फक्त आम्ही पिणारे." मग त्या बाईनं, लंकाबाई तिचं नाव, मला खोलीच्या खिडकीखालच्या कट्ट्यावर बसवलं. "कान देऊ नगं पोरी," ती म्हणाली. "आतलं आतच ऱ्हातं."

मी कान दिला.

"माझं नाव प्रभुदास." पप्पांचाच आवाज. "अकरा दिवस म्हणतात सगळे. पाचच झाले. सहाव्या दिवशी घेतली. आज सकाळीही घेतली, चर्चला निघायच्या आधी. घरी सांगणार होतो, देवाशप्पथ सांगणार होतो. पण बायको उभी राहिली, टाळ्या वाजल्या. मग कुठल्या तोंडानं सांगू?"

माझ्या अंगाची लाही लाही झाली. कॅलेंडरवर रोज फुली मी मारत होते! आत जाऊन त्यांना गदागदा हलवावंसं वाटलं आणि त्याच क्षणी त्यांची इतकी दया आली की डोळे भरून आले. एवढं एक खरं बोलायला त्यांना तालुका ओलांडून यावं लागलं होतं. आत टाळ्या वाजल्या नाहीत. कोणीतरी एवढंच म्हणालं, "बोला, मास्तर. पुढं बोला."

तेवढ्यात मम्मीचा फोन आला.

"पोचले का गं? गेले का आत?"

"गेले."

"बोलले काही?"

"बोलतायत. मम्मी, आता ग्रुपवर काही टाकू नकोस. प्लीज."

ती अगदी हळू आवाजात म्हणाली, "घेतल्याचं सांगितलं ना त्यांनी?"

"तुला कसं माहीत?"

"सकाळीच वास आला होता मला. म्हणून तर उभी राहिले गं. म्हटलं, एवढ्या माणसांसमोर अकरा म्हटलं, तर निदान बाराव्या दिवशी प्यायला तरी घाबरतील."