‘टक’ झाल्यानंतरचे पेट्रोल

त्या दिवशीही पेलोबाबांनी टाकी काठोकाठ भरली. पंपाची नळी ‘टक’ करून थांबली, म्हणजे आता पुरे. पण त्यांनी ती पुन्हा दाबली. टक. आणखी एकदा दाबली. टक. मित्रांनो, हे वरचे पेलाभर पेट्रोल कुठे जाते ठाऊक आहे? माझ्या नाकातोंडात.

मी आहे त्यांच्या जुन्या पिकअपच्या पोटाखाली, टाकीला लागून बसवलेला कोळशाचा डबा. रंगाने काळा, आकाराने दप्तराएवढा. तुम्ही मला कधी पाहिले नसेल. पेलोबाबांनीही सोळा वर्षांत पाहिले नव्हते, मग तुम्हाला काय बोल लावायचा?

माझ्या आतला कोळसा पाइनच्या भुशाचा. भुसा जाळून, तावून, त्याच्या कणाकणाला डोळ्यांना न दिसणारी भोके पाडलेली. ऊन लागले की टाकीतले पेट्रोल वाफ सोडते. ती वाफ मी अंगात जिरवून धरायची, आणि इंजिन चालू झाले की त्याच्या हवाली करायची. ते ती जाळून टाकते. धरायचे आणि सोडायचे, एवढेच माझे काम. पण मला वाफच धरता येते. पातळ पेट्रोल आत आले की कोळसा बुडतो, आणि बुडालेला कोळसा कशाच्याच कामाचा उरत नाही.

पहिली दहा-बारा वर्षे मी चोख काम केले. मागच्या हौद्यात मेंढ्या असत, कधी नुकतीच जन्मलेली कोकरे, कधी चाऱ्याचे भारे. खडीच्या रस्त्याची धूळ माझ्या नळ्यांत शिरे, तरी कुणाला कधी पेट्रोलचा वास आला नाही. “गाडी कशी फुलासारखी ठेवलीय पेलोनं,” असे लोक म्हणत. ते कौतुक धुतलेल्या काचांच्या वाट्याला जाई. मला त्याचे वाईट वाटत नसे.

वाईट वाटे ते त्या ‘टक’नंतरच्या पेट्रोलचे. पण पेलोबाबांचा तरी काय दोष? आमच्या अमेरिकेतल्या नेवाडा राज्याच्या त्या कोपऱ्यात मेंढवाड्यापासून पंप सत्तर मैलांवर. टाकी अर्धी असली की माणसाला झोप लागत नाही. तिथे सगळेच असे भरतात.

वसंतात गाडीच्या वेग दाखवणाऱ्या काट्यांपाशी पिवळा दिवा लागला. तो माझाच निरोप होता. बाबांनी दोन दिवस त्याच्याकडे पाहिले आणि तिसऱ्या दिवशी त्यावर काळी चिकटपट्टी लावली. पंपाजवळच्या चौकातला लेलँड मेकॅनिक त्यांचा जुना दोस्त. तो म्हणाला, “काय रे पेलो, पट्टी लावली म्हणजे गाडी बरी होते का?”

“गाडीचं माहीत नाही. दिवा तर बरा झाला!” बाबा हसत म्हणाले.

तर त्या दिवशी त्यांची लेक इदोया गाडीत होती. ती पोर्टलंडला शाळेत शिकवते. तीन दिवसांसाठी आली होती आणि दहाच्या बसने परत निघाली होती. टाकी भरून झाली, बाबांनी किल्ली फिरवली. इंजिन खोकले आणि गप्प झाले. माझ्यातले पेट्रोल त्याच्या घशाशी आले होते.

“बाबा, बस चुकणार माझी. उतू जाईस्तोवर कशाला भरता?”

“अगं, परत जाताना मी एकटा. एकट्याची टाकी भरलेली बरी.”

“आणि ही चालू कधी होणार?”

“रुसलीय जरा. पाच मिनिटं दे तिला.”

ते खाली उतरले आणि गाडीच्या कडेने मागे आले. मग हौद्याच्या काठावर त्यांचा भार पडला. सगळा भार. गाडी माझ्या बाजूला किंचित दबली. मी त्यांचा श्वास ऐकला, जिना चढून आल्यासारखा. शंभर आकडे मोजून व्हावेत इतका वेळ ते तसेच उभे राहिले. मग पत्र्यावर थाप मारून म्हणाले, “चल गं म्हातारे!” या खेपेस इंजिन चालू झाले. इदोयाला बस मिळाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पेलोबाबा मेंढवाड्याच्या फाटकापाशी कोसळले. रुग्णवाहिका आली तीही सत्तर मैलांवरून, आणि तोवर ते गेले होते.

मित्रांनो, तेव्हापासून मला एकच घोर लागला. पंपापासून दवाखाना दोन चौकांवर होता. मी इंजिनाचा गळा आणखी थोडा वेळ धरून ठेवला असता, तर लेलँड ओढायला आला असता. त्याने त्यांचा चेहरा पाहिला असता. मी वाईट वागलो ते कमी पडले की चांगला वागलो तेच चुकले? तो भार फक्त मला कळला होता, आणि मला तोंड नव्हते.

पुढे गाडी ग्रासियानाबाई, म्हणजे इदोयाची आई, चालवू लागल्या. दर वेळी पंपावर गाडी अडायची. एकदा त्या बोचऱ्या वाऱ्यात चाळीस मिनिटे बसून राहिल्या. हे लेलँडने फोनवर सांगितले, आणि ऑक्टोबरात इदोया आली.

“हे बघ आई, रविवारपर्यंत ही गाडी सुधारली नाही, तर तू माझ्याबरोबर येतेस. बर्फात रस्त्यावर अडकलीस तर?”

“येते ना. मेंढ्या ठेव तुझ्या तिसऱ्या मजल्यावर. शेजाऱ्यांना ताजं दूध देऊ.”

“थट्टा नकोय मला.”

“मलाही घर सोडायचं नाहीये, पोरी.”

लसणाचे सूप चुलीवर गार झाले.

शनिवारी लेलँड नवा डबा घेऊन आला. “जुना बुडाला असणार. पेलोनंच बुडवला, दुसरं कोण? मी बसवून देतो.”

“मीच बसवते,” इदोया म्हणाली.

“बोल्ट गंजलेत. तुटला तर रडू नकोस.”

“बोल्टासाठी नाही रडणार.”

तिने गाडी उघड्यावर, चुलीपासून लांब घेतली, बॅटरीची तार सोडवली, चाकांना दगड लावले, मागची बाजू उचलून भक्कम टेकू दिले आणि पाठीवर सरकत खाली आली. सोळा वर्षांत पहिल्यांदा कुणाचा तरी चेहरा माझ्यासमोर आला. कपाळावर धूळ, ओठ घट्ट मिटलेले. ग्रासियानाबाई उलट्या बादलीवर बसून बोल्ट सोडवायचे पाने देत होत्या.

“दहाचा दे.”

“हा घे.”

“हा बाराचा, आई.”

“मग तसं लिहायचं नाही का मोठ्या अक्षरात!”

दोन बोल्ट निघाले. तिसरा हलेना. तिने तेल सोडले, वाट पाहिली, पुन्हा जोर लावला. पाना निसटून बोटाचे साल निघाले. मला भीती वाटत होती. निघण्याची, आणि न निघण्याचीही. मी अडून बसलो तर बाईंचे घर सुटणार होते. अखेर बोल्ट कुरकुरत फिरला. तिने नळ्या हलक्या हाताने सोडवल्या आणि मला खाली ओढले. मी कलंडलो आणि पेलाभर पेट्रोल तिच्या बाहीवर सांडले.

“तू टाकी उतू जाईपर्यंत भरतेस का गं?” खालूनच तिने विचारले.

“छे! ‘टक’ झालं की मी थांबते. मला वासच सहन होत नाही.”

इदोया तशीच पडून राहिली. “मग हे बाबांचंय,” ती म्हणाली. बाईंनी हातातला पाना पदरासारख्या धरलेल्या झग्याच्या टोकाने पुसला, आणि पुसतच राहिल्या.

नवा डबा माझ्या जागी बसला. लेलँडने यंत्र लावून दिव्याचा निरोप पुसला. इदोयाने काळी पट्टी नखाने खरवडून काढली. पट्टीखालचा दिवा आता विझला होता. मला पोत्यात घालून हौद्यात ठेवले, आणि रविवारी सकाळी चौघे पंपाकडे निघालो. मी, त्या दोघी, आणि बाईंचे घर राहणार की सुटणार हा प्रश्न.

मित्रांनो, पोत्याच्या तोंडातून मला आकाश दिसत होते. भंगारात जाण्याआधी तुम्हाला एवढेच सांगतो. पंप ‘टक’ म्हणाला की थांबा. पिवळा दिवा लागला तर त्यावर पट्टी लावू नका, तो कशासाठी लागला ते विचारा. गाडीला विचारा, आणि गाडी चालवणाऱ्यालाही विचारा. घाई असली तरी विचारा.

पंप आला. तोच. इदोयाने टाकी भरली. टक.

“अजून थोडं घाल की,” बाई सवयीने म्हणाल्या. “तो घालायचा.”

“नाही.”

तिने झाकण लावले, आत जाऊन बसली. तिचा हात किल्लीवर थांबला. बाईंनी डोळे मिटले. मीही, मला डोळे असते तर.

किल्ली फिरली. इंजिन पहिल्याच हाकेला चालू झाले.

“झालं!” बाई हसल्या, मग त्यांनी डोळे पुसले. “झालं गं बाई. चल आता, घरी चल.”

पण गाडी हलली नाही. इदोयाने इंजिन बंद केले. मागची छोटी खिडकी उघडी होती, म्हणून मला ऐकू आले.

“आई, त्या दिवशी बाबा इथे, मागे, गाडीला टेकून उभे होते. छातीवर हात होता त्यांचा. मी आरशात पाहिलं. सगळा वेळ मी पाहत होते. आणि बस चुकेल म्हणून मी विचारलं नाही.”