बटणांच्या डब्यातला आरोपी

मी एक क्रेडिट कार्ड बोलतोय. आवाज बारीक वाटला तर सांभाळून घ्या. आयुष्यभर मी 'टिंग' एवढंच बोललो, आणि तेसुद्धा खरं तर दुकानातलं मशीन बोलायचं. पण त्या उसन्या टिंगवर मी जी मिजास केली, ती आठवली की आज माझी मलाच लाज वाटते.

माझा जन्म कारखान्यात झाला. प्लास्टिकच्या एका लांबरुंद तक्त्यातून आम्ही हजारो भावंडं बिस्किटांसारखी कापली गेलो. मग अंगावर सोळा आकडे उठवले आणि छातीवर सोनेरी चिप बसवली. ती बसली आणि मी बिघडलो. इतरांच्या छातीवरही तीच होती, पण माझी जरा जास्तच चमकते असं मी ठरवून टाकलं. पाकिटात मला ज्या पत्राला चिकटवलं त्यावर 'अभिनंदन! आपली निवड झाली आहे' असं छापलं होतं. मला वाटलं, अभिनंदन माझंच चाललंय.

पाकीट उघडलं ते आत्याने. भाचीची ती खरीखुरी आत्या, पण गिऱ्हाइकंही तिला आत्याच म्हणायची. वय छप्पन्न, शिवणकामात पस्तीस वर्षं मुरलेली. थोरल्या भावाच्या घरातली पुढची खोली हेच तिचं दुकान. खिडकीपाशी मशीन, भिंतीला उभा आरसा, खुंटीला लटकलेले अर्धवट कोट. तिने मला हातात घेतलं आणि माझ्यावरच्या उठावाच्या अक्षरांवरून बोट फिरवलं. एकदा नाही, तीनदा. विजेचं बिल भावाच्या नावावर, फोन भावाच्या नावावर, घर तर भावाचंच. बाहेरच्या पाटीवर नुसतं 'कपडे शिवून मिळतील'. तिचं नाव छापलेली या घरातली पहिली वस्तू मी होतो. हे मला तेव्हा कळलं नाही. मला वाटलं, बाई माझ्या देखणेपणावर भाळली.

"बारके, तुला कशाला हवं हे?" दादा म्हणाले. छप्पन्न वर्षांच्या बहिणीला ते अजून बारकेच म्हणत.

"असू दे रे. दोरे, अस्तर ठोक दुकानात कार्डावर स्वस्त पडतात."

पहिलं वर्ष दोरे, अस्तरं आणि बटणांत गेलं. आमची मोठ्यातली मोठी खरेदी म्हणजे चेनचा एक गठ्ठा. विमानाची तिकिटं आणि हॉटेलं यांची स्वप्नं बघणारा मी, चेनवर येऊन थांबलो होतो. तरी प्रत्येक टिंगला मी छाती फुगवायचो.

मग आले एक व्हायोलिनवाले. त्यांची तक्रार अशी की वाजवायला हात वर केला की कोटही वर चढतो आणि मागच्या रांगेला सदरा दिसतो. आत्याने त्यांना कोपऱ्यात उभं करून व्हायोलिन नसलेला हात पाच मिनिटं हवेत हलवायला लावला आणि विचारात पडली. भाचीने मोबाइलवर एक ऑनलाइन सेवा दाखवली: मापं भरा, कटिंगचा तयार नकाशा छापून घ्या, पहिले सात दिवस फुकट.

"फुकट आहे तर कार्डाचा नंबर कशाला मागतात?" आत्याने विचारलं.

"फक्त ओळखीसाठी गं."

ओळखीसाठी! मी तर हरखलोच. कुठल्या लांबच्या कंपनीला माझी ओळख करून घ्यायची होती. त्या क्षणी मला तोंड असतं आणि तोंडात अक्कल असती, तर मी ओरडलो असतो. दोन्ही नव्हतं.

आत्याने मापं भरली ती इंचांत. पस्तीस वर्षं तिचा हात इंचांतच चाललेला. त्या सेवेला हवे होते सेंटिमीटर. दीड तास कागद चिकटवून कोटाचा नकाशा जुळवला, तर तो मांजराला बसेल एवढा निघाला. भाची हसून हसून कापडाच्या गठ्ठ्यावर पडली. आत्याही हसली, कागद गुंडाळले आणि जुन्या पद्धतीने कोटाच्या काखेत जादा कापडाची कळी घातली. हात वर, कोट जागेवर. व्हायोलिनवाले खूश.

पाचव्या दिवशी तिने ती सेवा बंद करायला घेतली. पडद्यावर 'सखी, तुमची मदतनीस' आली. ते यंत्र होतं, पण आत्याला वाटलं कुणी पोर कामाला बसलीय. तिने आधी विचारलं, 'जेवलीस का?' सखी म्हणाली, 'मला समजलं नाही. कृपया पर्याय निवडा.' आत्या हळहळली. "बिचारीला जेवायलाही सोडत नसतील." मग तिने 'बंद करा' निवडलं.

इथे आत्याची एक सवय सांगायला हवी. गिऱ्हाईक काय बोललं, किती वाजता बोललं, ते ती मापाच्या वहीत त्याच्याच शब्दांत उतरवते. कारण लोक 'घट्ट शिवा' म्हणून जातात आणि नंतर 'मी कुठे म्हटलं होतं?' म्हणून भांडायला येतात. तशी सखीचीही नोंद झाली.

वही मिटून तिने मला एका चिंधीत गुंडाळलं, बटणांच्या डब्यात तळाशी ठेवलं आणि झाकण दाबून लावलं.

"आता बघू कसे पैसे काढतात ते," ती म्हणाली. तिच्या मते पैसे काढायला कार्ड लागतं, आणि कार्ड डब्यात होतं. खरं सांगतो, माझंही मत तेच होतं.

आठव्या दिवशी तिचा फोन वाजला. वर्षभराची वर्गणी माझ्या नावावर पडली होती. बावीस पँटी आखूड करून मिळतात तेवढे पैसे! मी चार भोकांच्या काळ्या बटणांखाली निपचित पडलेलो, आणि तिकडे माझ्या नावाने खरेदी उरकलेली. आत्याने झाकण उघडून माझ्याकडे बघितलं. चोराकडे बघतात तसं. मला शपथेवर सांगायचं होतं की मी जागचा हललोसुद्धा नाही. त्यांना मी नकोच होतो. त्यांना फक्त माझे आकडे हवे होते. ती छाती, ती चमक, तो टिंग, यातलं काहीच त्यांना लागत नव्हतं. एवढा पाणउतारा माझा कधी झाला नव्हता.

रात्रीच्या जेवणात विषय निघालाच. दादा ओरडले नाहीत, हेच आत्याला जास्त लागलं.

"होतं असं," ते मऊ आवाजात म्हणाले. "तुझा दोष नाही. पण कार्ड आता माझ्याकडे दे. लागेल तेव्हा माग, मी कधी नाही म्हटलंय?"

आत्याने पाण्याचा पेला खाली ठेवला. "दोन महिने दे. पैसे परत आणले नाहीत, तर कार्ड तुझं. आणले, तर पुन्हा मागायचं नाहीस."

वहिनी दादांकडे बघायला लागल्या. दादांनी मान डोलावली.

आत्याने कंपनीला लिहिलं. उत्तर आलं, 'प्रिय ग्राहक, आपल्या भावना आम्ही समजू शकतो. मात्र आपण सेवा बंद केल्याची नोंद आढळत नाही.' तिने लिहिलं, 'भावना राहू द्या, पैसे द्या.' पुन्हा भावना आल्या. चार पत्रं झाली, चारही वेळा त्यांना भावना समजल्या आणि पैसे समजले नाहीत. पाचव्या दिवशी तिने इस्त्रीची साडी नेसली, पर्समध्ये मला आणि बगलेत मापाची वही घेतली आणि बँक गाठली.

तक्रारींच्या टेबलावरचे साहेब सज्जन होते, पण दमलेले. "सेवा बंद केल्याचा पुरावा? स्क्रीनशॉट वगैरे?"

"ते मला येत नाही. मी लिहून ठेवलंय."

साहेबांनी वही ओढली आणि वाचायला लागले. "गिऱ्हाईक, सखी. छाती, कंबर, बाही रिकामं. जेवलीस का विचारलं, उत्तर नाही..." त्यांचा चष्मा नाकावर घसरला. पलीकडच्या टेबलावर कुणीतरी खुदकन हसलं. आत्याचे कान लाल झाले. पर्समध्ये मी अंग चोरून घेतलं. संपलं, म्हटलं. चाललो दादांच्या पाकिटात.

"...अकरा वाजून वीस मिनिटांनी सखी म्हणाली, 'आपली सेवा बंद झाली आहे, यापुढे रक्कम आकारली जाणार नाही.' विनंती क्रमांक..." साहेब थांबले. "हा बारा आकडी क्रमांक कुठून आणलात?"

"तिनेच दिला. पडद्यावर आला आणि गेला. मी मोठ्याने म्हणत म्हणत लिहून घेतला. गिऱ्हाईक माप सांगतं तेव्हा असंच लिहावं लागतं, ते काही दोनदा सांगत नाही."

साहेब खुर्चीत ताठ बसले. "बाई, हा क्रमांक त्यांच्या यंत्रणेशिवाय दुसरीकडून येऊच शकत नाही. याचं उत्तर त्यांना द्यावं लागेल." त्यांनी स्वतः उठून वहीच्या त्या पानाची प्रत काढली, मला पर्समधून बाहेर काढायला लावून अर्ज भरून घेतला आणि सहीसाठी पेन पुढे केलं. मग माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "हे कार्ड मात्र आजच बंद. नाहीतर पुन्हा काढतील. नवीन कार्ड आठवड्याभरात पोचेल."

मला सत्काराची अपेक्षा होती. निदान चार बरे शब्द!

"नवीन आत्ता नको," आत्या म्हणाली. "निकाल लागला की पाठवा. घरी शब्द दिलाय."

पुढचे दिवस मी मशीनच्या खणात मेलेला पडून होतो. आत्याला झोप लागत नव्हती, हे तिच्या शिवणीवरून कळायचं. एरवी एका दमात सरळ शिवण मारणारी बाई आता तीच शिवण दोनदा उसवत होती. एकदा भाचीला म्हणाली, "पैशांचं काही नाही गं. पण हरले तर हे सगळे आयुष्यभर मऊ आवाजात बोलतील माझ्याशी." भाचीने तिला दोरा ओवून दिला.

बावन्नाव्या दिवशी बँकेचा निरोप आला. रक्कम पूर्ण परत. कंपनीला त्या बारा आकड्यांवर तोंड उघडता आलं नव्हतं. आत्या मशीनवर डोकं टेकून रडली. चांगली पाच मिनिटं रडली, मग डोळे पुसून राहिलेली पँट पूर्ण केली.

त्याच दुपारी, वहिनी बाहेर गेल्याची खात्री करून दादा दुकानात आले. उगाच आरशात बघितलं, खुंटीवरच्या कोटाला हात लावला.

"बारके, ते बँकवाले साहेब कुठल्या मजल्यावर बसतात?"

"का रे?"

"नाही, म्हणजे... मी तो व्यायामाचा ऑनलाइन वर्ग लावला होता ना. एकच दिवस केला. चौदा महिने पैसे जातायत."

"मग बंद कर म्हणून कधी सांगितलंस त्यांना?"

दादा छताकडे बघायला लागले. "सांगितलंच नाही. लाज वाटली."

आत्या एवढी हसली की तिला टाचण्या तोंडातून काढाव्या लागल्या. पण हसून झाल्यावर तिने त्यांना स्टूल ओढून दिलं, आणि दोघं डोक्याला डोकं लावून त्यांच्या फोनवर 'बंद करा' कुठे आहे ते शोधत बसले. मागचे पैसे गेलेच, पुढचे तरी वाचले.

आठ दिवसांनी नव्या कार्डाचं पाकीट आलं. दार दादांनी उघडलं, सहीही त्यांनीच केली. वरचं नाव वाचत ते क्षणभर उंबऱ्यात उभे राहिले. मग आत आले आणि पाकीट न फोडता मशीनच्या कडेला ठेवलं.

"तुझं टपाल," म्हणाले आणि गेले. आवाज नेहमीचा होता, जरासा खरखरीत. मऊ अजिबात नव्हता.

आत्याने हातातली शिवण संपवली, दोरा तोडला, आणि मगच पाकीट घेतलं.

मला तिने त्याच संध्याकाळी कापलं. आकडे गेले, चिप गेली, माझ्या अंगावरचं तिचं नाव गेलं. उरला तो एक गुळगुळीत टोकदार तुकडा. तो ती फेकणार होती, पण सहज एका उलटवलेल्या कॉलरमध्ये घालून बघितला, तर कॉलरचं टोक सुरेख बाहेर आलं. "अरे वा," ती म्हणाली. माझ्या आयुष्यातलं माझ्या वाट्याचं हे पहिलं 'अरे वा'.

आता माझी नोकरी हीच. पर्समधला नवा गडी सोनेरी छाती फुगवून असतो. त्याला मी काही सांगत नाही, ऐकणार नाही. तुम्हाला मात्र सांगतो: कुणी 'फक्त ओळखीसाठी' तुमच्या कार्डाचे आकडे मागितले, तर द्या हवं तर, पण कुठे, कधी आणि काय बोलणं झालं ते लिहून ठेवा. आणि फसलात तर लाजून गप्प बसू नका, आमच्या दादांसारखे.

बरं, निघतो. शर्टवालं गिऱ्हाईक सहाला येणार आहे, आणि कॉलरचं डावं टोक अजून आतच आहे.